टोस्टरचं तापमान एकशेपाच

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, सॉल्व्हंट प्लांटचा भोंगा वाजला आणि मी आजपासून अधिकृतपणे शहाणा झालो. म्हणजे नागपूरला जाऊन ट्रेनिंग घेऊन आलो. खिशात प्रमाणपत्र, कमरेला हँडहेल्ड. हा हँडहेल्ड म्हणजे टीव्हीच्या रिमोटचा थोरला भाऊ. प्लांटमधली जुनी काट्यांची मीटरं काढून शेठनी सगळीकडे स्मार्ट ट्रान्समीटर बसवले आहेत. ट्रान्समीटर पाइपावर बसतो, आतलं तापमान किंवा दाब मोजतो आणि तारेतून कंट्रोल रूमला कळवतो. त्या तारेला हँडहेल्ड लावला की त्याला विचारता येतं, बाबा रे, तू किती चुकतोस? चुकत असला तर सुधारायचा. याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि अख्ख्या दारव्हा तालुक्यात ते माझ्याशिवाय कुणाला येत नाही. ही बढाई आहे. पण डायरीत नाही मारायची तर कुठे मारायची?

आईनं विचारलं, "मंग तू दिवसभर करतो काय तिथं?"

"यंत्रं खोटं बोलली तं त्याईचा कान धरतो."

"अन् माणसं बोलली तं?"

"तो आपला डिपार्टमेंट नाही."

आई हसली. तीही याच प्लांटमध्ये आहे, खाली प्लॅटफॉर्मवर ढेपेची पोती शिवते. मी वर, ती खाली. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि आता कामावरही एकाच काळीपिवळी जीपनं जातो.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

आज पुन्हा टोस्टर चार वेळा थांबला. राऊतसाहेब, म्हणजे आमचे प्लांट मॅनेजर इंद्रजित राऊत, इतके चिडले की चहा तसाच गार झाला.

भानगड अशी आहे. सरकीतलं तेल आम्ही हेक्झेननं काढतो. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा चुलतभाऊ, म्हणून गेटवरच सगळ्यांच्या काडेपेट्या काढून घेतात. तेल निघालं की मागे उरते ती हेक्झेनमध्ये भिजलेली ढेप. ती टोस्टरमध्ये वाफेवर भाजायची, म्हणजे हेक्झेन उडून जातं आणि कोरडी ढेप खाली पोत्यात पडते. बाहेर पडताना ढेप एकशेपाच अंश गरम हवी. अठ्ठ्याण्णवच्या खाली आली की कन्व्हेयर आपोआप थांबतो, कच्ची ढेप खाली सोडत नाही. नियम चांगला आहे, पण वाफच पुरत नाही त्याला कोण काय करणार? बॉयलरमध्ये सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, जाळतात. ते उघड्यावर पडून भिजलं. ओल्या कुटारानं धूर होतो, वाफ होत नाही.

साहेब मला म्हणाले, "तुझा तो नवीन ट्रान्समीटर बरोबर आहे की नाही, आधी ते पाह्य." म्हणजे ओल्या कुटाराचं बिल माझ्या नावावर. ठीक आहे, बघतो.

२० नोव्हेंबर, मंगळवार

टोस्टरचा ट्रान्समीटर तपासला. गरम तेलाच्या भांड्यात त्याचा सेन्सर बुडवून माझ्या थर्मामीटरशी ताडून पाहिला. अर्ध्या अंशाचाही फरक नाही. बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता.

मग लूप टेस्ट लावली. लूप टेस्ट म्हणजे ट्रान्समीटरला सांगायचं, आतलं तापमान काहीही असो, मी सोडेपर्यंत तू एकशेपाचच बोल. मग कंट्रोल रूममध्ये एकशेपाचच दिसतं का ते विचारायचं. दिसलं तर तार ठीक. फोन लावला. आमचा ऑपरेटर लखीराम तिकडून ओरडला, "एकशेपाच दिसून राह्यलं भाऊ! बरोब्बर एकशेपाच!"

तेवढ्यात खालून साहेबांची हाक आली, शेठची गाडी आली म्हणून. तसाच हँडहेल्ड गळ्यात अडकवून पळालो. शेठनी खांद्यावर हात ठेवला, पेढा दिला, विचारलं, "क्या इंजिनिअर, सब ठीक?" मी डिप्लोमावाला, पण मी कशाला दुरुस्त करतो? म्हटलं, सब ठीक. नंतर सगळ्या ट्रान्समीटरवर तपासणीचे स्टिकर चिकटवले, त्यावर तारीख आणि माझी सही. सही झकास आली.

२४ नोव्हेंबर, शनिवार

मंगळवारपासून टोस्टर एकदाही थांबलेला नाही! साहेबांनी कंट्रोल रूममध्ये सर्वांदेखत पाठ थोपटली. "कुटार तेच, बॉयलर तोच. फरक पडला तो याच्या हातानं." स्क्रीनवर टोस्टरची रेघ पाहावी तर दोरी ताणून मारल्यासारखी सरळ. आधी कशी वेडीवाकडी नाचायची! लखीराम म्हणाला, "भाऊ, हे तं लईच शिस्तीत आलं." मी म्हटलं, कान धरला की येतं.

खाली गेलो तर आई आणि रुपीबाई पोत्यांवर बसून खिदळत होत्या. रुपीबाई बंजारा तांड्यावरची, आईच्या शेजारच्या मशीनवर बसते. कशाला हसता विचारलं तर दोघींनाही सांगता येईना, आणि त्यावर आणखी हसू. रुपीबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, "याडी वो, याडी वो," असं आपल्या बोलीत आईच्या नावानं करत होती. म्हाताऱ्या बाया पोरींसारख्या हसताना बघून मजा वाटली. सगळा प्लांटच खुशीत आहे सध्या.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

आई जेवली नाही. डोकं धरून बसली होती. म्हणते ढेपेचा वास लुगड्यातून जात नाही, गोडसर वास, मळमळतं. बोटांना मुंग्या येतात. मी चिडलो. दिवसातून चारदा दातांना तंबाखूचं गुडाखू लावते, त्यानं दुसरं काय होणार? तसं बोललोही.

"गुडाखू तं मी वीस वर्सापासून लावतो," ती म्हणाली. "आताच काहून होईन?"

वय झालं, दुसरं काय. उद्या मेडिकलमधून गोळी आणतो.

३ डिसेंबर, सोमवार



आज वर गेलो होतो ते टोस्टरशेजारच्या वाफेच्या मीटरसाठी. जाता जाता टोस्टरच्या ट्रान्समीटरकडे नजर गेली. त्याच्या डोक्यावर छोटी काच आहे, तिच्यात त्याचा त्याला आकडा दिसतो. शहाऐंशी. खाली लखीरामला फोन केला, तुझ्याकडे किती? "एकशेपाच, भाऊ. आपलं नेहमीचं." आधी वाटलं, काच बिघडली. मग हँडहेल्ड लावला. लूप टेस्ट चालू.

मी सोडलंच नव्हतं. शेठची गाडी आली, मी पळालो, पेढा खाल्ला, आणि तेव्हापासून हा बिचारा मी सांगितलेलं एकशेपाच, एकशेपाच बोलत बसला. ती ताणलेली दोरी मी ताणली होती. कच्ची ढेप, हेक्झेनसकट, इतके दिवस सरळ खाली. आईच्या पुढ्यात.

 साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी दार लावलं, चहा मागवला.

"साहेब, आत्ता सोडतो त्याले. दोन मिनिटाचं काम."

"सोडल्यावर काय होईल?"

"खरं तापमान दिसेल. कन्व्हेयर थांबेल."

"अन् वाफ कुठून आणशील तू? यंदा सरकीच उशिरा आली. ढेपेच्या गाड्या गेटवर उभ्या आहेत. आता रोज चार-पाच वेळा बंद पडलं ना, तर शेठ कुलूप लावेल अन् नागपूरले जाऊन बसेल. इथल्या माणसांनी काय करायचं?"

"पण खाली बाया बसतात, साहेब. माझी आई बसते."

"उघडा प्लॅटफॉर्म आहे. हवा खेळते." मग त्यांनी माझ्याकडे चहा सरकवला. "देख प्रफुल्ल, मी तुला लूप टेस्ट ठेवायला सांगितलं होतं का? नाही ना? स्टिकरवर सही कोणाची? तुझी. आता हे वर गेलं तर कोणाची मान अडकेल? म्हणून म्हणतो, कोरडं कुटार येईपर्यंत चालू दे. आठ-दहा दिवस. मी कोणाजवळ बोलणार नाही. मी आहे ना."

खरं सांगायचं तर बाहेर आलो तेव्हा मला हायसं वाटलं. साहेब मोठ्या मनाचा माणूस. दुसरा असता तर आजच गेटबाहेर काढलं असतं. सांभाळून घेतलं त्यांनी.

 पण रात्री आई समोर बसून ताटातली भाकरी नुसती मोडत होती आणि मी ताटाकडे बघत होतो. सोडावं तर मी उघडा पडतो, न सोडावं तर आई तिथेच बसते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली.

६ डिसेंबर, गुरुवार

आज दोघांनीही सुट्टी घेतली. आई पांढरं लुगडं नेसली, विहारात गेलो, मेणबत्त्या लावल्या. वंदनेला ती ताठ बसली होती. परत येताना चांगली चालली, बाजारात मेथी घेतली, भाव करताना भांडलीसुद्धा. घरी आल्यावर म्हणाली, "आज डोक्स नाही दुखलं, पाह्य. सुट्टी मानवली मले."

 ती मेथी निवडत होती आणि मी तिच्या बोटांकडे बघत होतो. बारीक काडी तिच्या हातून दोनदा निसटली.

तेव्हाच मला युक्ती सुचली. इतकी सोपी की आधी का सुचली नाही याचं नवल वाटतं.

८ डिसेंबर, शनिवार

झालं! साहेबांना काल विचारलं आणि ते लगेच हो म्हणाले, एक शब्द खळखळ नाही. आजपासून आई कँटीनमध्ये. कँटीन गेटजवळ, प्लांटपासून लांब, कडुनिंबाखाली. चहा करायचा, पोहे करायचे, बसल्या जागी काम. छातीवरचा दगड उतरला.

आईला आवडलं नाही. "मशीनवर हात बसला व्हता माया. आता या वयात चहा गाळू काय?" तिला काय सांगणार? म्हटलं, साहेबांनीच काढलं, पगार तोच आहे, गप बस.

तिच्या मशीनवर रुपीबाईची सून बसली, सलोनी. रुपीबाई सकाळी मला मुद्दाम भेटायला आली. बरेच दिवस सुनेच्या कामासाठी मागे लागली होती म्हणे. जागा झाली म्हणून खूष. मी तिच्याजवळून लवकर निघालो. सलोनी जवान आहे, तब्येतीनं चांगली आहे. आणि आठ-दहा दिवसांचाच प्रश्न आहे, त्यातले पाच तर गेले.

१४ डिसेंबर, शुक्रवार

लोडशेडिंग रोजचंच, पण आज यूपीएसनंही मान टाकली. कंट्रोल रूम काळीठिक्कर. लाइट आली तेव्हा सगळे ट्रान्समीटर नव्यानं सुरू झाले, आणि नव्यानं सुरू झाला की लूप टेस्ट सुटते. स्क्रीनवर त्र्याऐंशी. भोंगा. कन्व्हेयर बंद. लखीराम घाबरला, म्हणाला, "भाऊ, एकदम बावीसनं कसं उतरलं?"

मला काय वाटलं ते इथे तरी लिहितो. मला आनंद झाला. आपोआप सुटलं, माझ्या हातानं नाही, आता माझी चूक पुसली गेली, असं वाटलं. चांगली पाच मिनिटं मी सुखात होतो.

मग साहेबांचा फोन. आवाज शांत. "प्रफुल्ल, ते परत लाव."

"साहेब, कोरडं कुटार..."

"सोमवारी येतंय. लाव."

वर गेलो. हँडहेल्ड लूप टेस्ट लावण्याआधी दर वेळी एक सूचना दाखवतो: याच्यावर प्लांटची सुरक्षा चालत असेल तर आधी ती वेगळी करा. पुढे जायचं का? त्या दिवशी मी ती न वाचता दाबली होती. आज वाचली. पुन्हा वाचली. खालून शिलाई मशीनचा आवाज येत नव्हता, बाया हात झटकत उभ्या होत्या, सलोनी वर माझ्याकडेच बघत होती. मी बटण दाबलं. मशीनं सुरू झाली.

पहिल्या वेळी मी विसरलो होतो. आता तसं म्हणता येणार नाही.

नोकरी सोडावी म्हणतो. पण मी गेलो तरी ते एकशेपाचच राहणार, आणि जाताना सही माझीच राहणार. आईला काय सांगणार? ढाणकीच्या मावशीकडे जाऊन राहू म्हटलं तर पहिला प्रश्न येईल, काहून? 

१९ डिसेंबर, बुधवार

कुटार सोमवारी आलं नाही. मंगळवारीही आलं नाही.

आज दुपारी रुपीबाई मशीनवरच आडवी झाली. शुद्ध नव्हती. जीपमध्ये घालून खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर अशक्तपणा म्हणाले, सलाइन लावलं. त्यांना कुणी सांगितलंच नाही ती काय हुंगत होती, तर ते तरी काय ओळखणार?

 संध्याकाळी घरी आल्यावर आईनं चूल पेटवली नाही. पदर खोचून माझ्यासमोर बसली.

"मले तिथून कोणं काढलं?"

"सांगितलं ना. साहेबांनी."

"सायेबाले मी इचारलं आज. चहा घेऊन गेलती. ते म्हणे, तुमच्या पोरानंच तं हात जोडले."

मी बुटाची नाडी सोडायला वाकलो.

"कँटीनात आल्यापासून मायं डोक्स नाही दुखत. मळमळ नाही. रुपीची रोज वाढून राह्यली. सलोनीले बी आता उलट्या व्हतात. मले शिकता नाही आलं, पण एवढं समजते. तिथं काही तरी हाय, अन् ते तुले मालूम हाय."

सांगितलं. सगळं. लूप टेस्ट, शेठची गाडी, साहेब, परत दाबलेलं बटण.  मला वाटलं आई रडेल, मारेल. मला ते चाललं असतं. मी म्हटलं, "आई, मी तुझ्यासाठी केलं. तुला बाहेर काढलं."

"मले काढलं," ती म्हणाली. "म्हंजे तुले पक्कं मालूम व्हतं. नाही तं कायले काढलं असतं?"

एवढंच बोलून ती उठली आणि अंधारातच पाण्याची घागर भरायला लागली. मी जे पुण्य म्हणून खिशात ठेवलं होतं, तीच माझ्याविरुद्धची साक्ष निघाली.

२० डिसेंबर, गुरुवार

सकाळी उठलो तर आई गेलेली. डबा नाही. मी पुढच्या गाडीनं पोचलो. कँटीनमध्ये नव्हती. प्लॅटफॉर्मवर होती. रुपीबाईच्या रिकाम्या मशीनवर बसून पोती शिवत होती, शेजारी सलोनी.

मी धावत गेलो. "आई, ऊठ तिथून."

"कायले? चांगली हवा खेळते म्हणे."

"आई, ऊठ, हात जोडतो."

"मायासाठी जोडू नको. मी नाही उठत." तिनं पुढचं पोतं ओढलं. "तुयं यंत्र वर हाय. जाय."

जिना चढताना मला शौर्य वगैरे काही वाटत नव्हतं, हे प्रामाणिकपणे लिहितो. राग होता, आईचाच. तिनं मला कोंडीत धरलं म्हणून. हँडहेल्ड लावला, लूप टेस्ट सोडली. काचेत चौऱ्याऐंशी होते, आता स्क्रीनवरही चौऱ्याऐंशी झाले असणार, कारण भोंगा झाला आणि कन्व्हेयर थांबला. खाली मशीनंही बंद झाली. साहेब केबिनमधून बाहेर आले, जिन्याखाली उभे राहिले.

"परत लाव."

"नाही लावत."

"खाली ये मग. हँडहेल्ड दे आणि घरी जा. तुझ्या सहीचं काय करायचं ते मी बघतो."

मी दिला. साहेबांना तो चालवता येत नाही, नागपूरहून माणूस बोलावतील. पण तोवर आई बायांमध्ये उभी राहून मोठ्यानं सांगत होती, ही ढेप कच्ची हाय, इच्यात पेट्रोलसारखं काही हाय, त्यानं आपल्याले घेरी येते. आणि हे कोणी केलं तेही तिनं सांगितलं. "माया पोरानं केलं." माझ्याकडे बोट दाखवून. साहेबांचं नाव तिनं नंतर घेतलं, आधी माझं. बाया म्हणाल्या, त्या वरच्या काचेत एकशेपाच डोळ्यानं पाहिल्याशिवाय आम्ही बसत नाही. लखीरामही खाली येऊन त्यांच्यात उभा राहिला.

मला वाटलं, आता सगळ्यांना कळलं, संपलं. आई म्हणाली, "मले सांगून भागत नाही. रुपीले तुया तोंडानं सांग. मी नाही सांगणार तुयाकडून."

सलोनीबरोबर दवाखान्यात गेलो.  रुपीबाई शुद्धीवर होती. डॉक्टरांना बाहेरच गाठून हेक्झेनचं सांगितलं, त्यांनी पुन्हा सगळं तपासायला घेतलं, बोटांना टोचून पाहिलं. टोचलेलं तिला नीट जाणवत नव्हतं. ते गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. वाटलं, कुणीतरी निरोप पाठवला असेल, हिला कळलं असेल. तिला काहीच कळलेलं नव्हतं.

"बैस बापू," ती म्हणाली. "तुयाच पायी सलोनीले काम भेटलं. तुयी माय उठली म्हणून जागा झाली. तुयं भलं होवो."

मी सांगायला लागलो. नीट जमलं नाही, मागचं पुढे झालं, ट्रान्समीटर म्हणजे काय यातच अडकलो. तिनं मधेच हात वर केला.

"तुले कवा समजलं का तिथं बसणं खराब हाय?"

"तीन तारखेला."

"अन् तुयी माय कवा उठली तिथून?"

"आठला."

ती सलोनीकडे वळली. सलोनी खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसली होती, तोंडाला पदर लावून.

"अन् हे कवा बसली?"

"त्याच दिवशी," मी म्हटलं.